शिकायला हवं होतं, म्हणजे कधी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'बदलती जागतिक अर्थव्यवस्था आणि आपण'. नकाशे, आलेख, सगळी तयारी झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी घरात एक वाद झाला आणि ती तयारी मी बाजूला ठेवली. आज जे बोलणार आहे ते त्या वादातून आलेलं आहे.

माझं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. कुठलं काम कोणत्या शहरात केलं तर कंपनीला किती खर्च येईल, याचे तक्ते मी करते. पगार, वीज, वाहतूक, कर, जागा, प्रत्येकाचा एक रकाना. अशाच एका तक्त्यामुळे एका लहान गावातला कारखाना सहा आठवड्यांच्या नोटिशीवर बंद होणार आहे. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "वीस वीस वर्षं एकच यंत्र चालवत राहिले ते. काहीतरी नवं शिकायला हवं होतं त्यांनी."

आमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याने मान वर केली आणि विचारलं, "शिकायला हवं होतं, म्हणजे कधी? पाळीवर जायच्या आधी की आल्यावर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. माणसाने स्वतःची जबाबदारी घ्यावी, वगैरे. त्याने शांतपणे विचारलं, "तू कधी शिकतेस?" मी म्हटलं, ऑफिस पाठवतं तेव्हा. "म्हणजे कामाच्या वेळात. आणि पैसे?" पैसेही ऑफिसचेच. तो काही बोलला नाही, ताट उचलून आत गेला. मग मी आणि नवरा त्यावरून रात्री उशिरापर्यंत भांडलो. मुलगा उद्धट बोलला की खरं बोलला, यावर.

त्या दिवसापासून कुठल्याही शहराची गोष्ट वाचली की मी आधी हाच प्रश्न लावून बघते. या शहराने आपल्या माणसांना वेळ दिला होता का? कधी?

स्वीडनमधलं माल्मो घ्या. तिथल्या जहाजबांधणीच्या गोदीत १३८ मीटर उंचीची एक क्रेन होती. गावात कुठूनही दिसायची. जपान आणि कोरिया स्वस्तात जहाजं बांधू लागले, तसं युरोपातल्या गोद्यांचं काम आटत गेलं आणि १९८६ साली माल्मोतली व्यापारी जहाजांची बांधणी थांबवायचं ठरलं. सरकारने धावपळ करून तिथे मोटारींचा कारखाना आणला. तो १९८९ साली सुरू झाला आणि १९९१ साली बंद पडला. शेवटी ती क्रेनही विकली गेली, कोरियातल्या उल्सानच्या गोदीला, एका डॉलरला. २००२ साली ती समुद्रातून निघाली तेव्हा लोक किनाऱ्यावर उभे राहून रडले. कोरियात तिला आजही 'माल्मोचे अश्रू' म्हणतात. ज्यांच्याकडे काम गेलं त्यांनीच हे नाव ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं. आणि त्याच उल्सानवर २०१६च्या आसपास जहाजांच्या मंदीत कामगार कमी करायची पाळी आली.

जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं तर याहून विलक्षण आहे. तिथला हर्डे भागातला पोलाद कारखाना २००१ साली थंड झाला. एका चिनी कंपनीने तो अख्खा विकत घेतला. चीनमधून सुमारे हजार कामगार आले, त्यांनी त्याचा एकेक भाग सुटा करून क्रमांक घातला आणि जहाजाने नेला. आज त्या जागी तळं आहे आणि तळ्याकाठी महागडी घरं. आपण कारखाना 'हलला' असं सहज बोलतो. तिथल्या लोकांनी तो हलताना बघितला, बोल्ट बोल्ट सुटताना.

पण त्याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट मुलाच्या प्रश्नाला थोडं उत्तर देते. डॉर्टमुंड ज्या खाणपट्ट्यात येतं त्या रूरच्या कोळशावर संकट आलं ते १९५८ साली. आयात कोळसा आणि तेल स्वस्त पडू लागलं. शेवटची खाण बंद झाली बॉट्रॉपला, २१ डिसेंबर २०१८ रोजी. मध्ये साठ वर्षं गेली! खाणी एकेक करून मिटवल्या, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती दिली, तरुणांना दुसऱ्या खाणीत किंवा दुसऱ्या कामाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. एकाही खाणकामगाराला रस्त्यावर सोडायचं नाही, हे संघटना, कंपन्या आणि सरकार यांचं ठरलेलं होतं. खाणी चालू असतानाच, १९६५ साली बोखुमला आणि १९६८ साली डॉर्टमुंडला विद्यापीठ उघडलं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली नाही त्यांनी. याला अफाट सरकारी पैसा लागला, आणि तो वाया गेला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. गेल्सनकिर्शेनसारख्या शहरात आजही बेकारी जर्मनीतल्या सर्वांत जास्त बेकारीपैकी आहे, हेही खरं. म्हणजे साठ वर्षंही पुरली नाहीत. मग आपण कोणाला सहा आठवड्यांची नोटीस देतो तेव्हा नेमकं काय देतो?

शिवाय बोखुमने खाणींनंतर आणलेला फोनचा कारखानाही टिकला नाही. नोकियाने २००८ साली तो बंद करून काम रोमानियात, क्लुजजवळच्या जुकूला नेलं. बोखुममध्ये मोर्चे निघाले, लोकांनी आपले फोन मोडले. जुकूत आनंद झाला. २०११ साली जुकूचा कारखानाही बंद करायचं जाहीर झालं, काम आशियाकडे गेलं. तीन वर्षं! तीन वर्षांत एखाद्या घराचं कर्ज फिटत नाही, मूल शाळेत जाण्याएवढंही होत नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं उदाहरण आपल्या मंडळात नेहमी निघतं. पोलाद गेलं, पण शहराने स्वतःला नवं घडवलं, विद्यापीठ, रुग्णालयं, रोबो. खरं आहे. पण ते विद्यापीठ ज्या संस्थेतून उभं राहिलं ती पोलादसम्राट कार्नेगीने १९०० साली कामगारांच्या मुलांसाठी काढलेली तंत्रशाळा होती. विहीर तिथेही आधीच खणलेली होती. आणि १९५० साली ज्या शहरात पावणेसात लाख माणसं होती, तिथे २०२० साली तीन लाख उरली होती. काही उपनगरांत गेली, पुष्कळशी दुसऱ्या राज्यांत. शहराला लागूनच असलेल्या होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ साली बंद झाला आणि त्या जागेवर दुकानांचं संकुल उभं राहिलं. शहर सावरलं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जागा सावरलेली असते. त्या जागेवर आधी घाम गाळणारी माणसं कुठे गेली, ते त्या यशोगाथेत येत नाही.

ती माणसं दुसरीकडे जाऊन जम बसवतील, असं अर्थशास्त्र बराच काळ धरून चाललं होतं. माझे तक्तेही तसंच धरून चालतात. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी चिनी आयातीचा अमेरिकेतल्या भागांवर काय परिणाम झाला ते मोजलं, २०१३ साली ते छापून आलं. ज्या भागांना मोठा फटका बसला तिथली माणसं फारशी हललीच नाहीत. पुढेही दहा वर्षांहून जास्त काळ तिथे काम कमी आणि पगार खालीच राहिले. का हलतील? घर विकायला काढावं तर गिऱ्हाईक नाही, म्हातारी आई शेजारच्या गल्लीत, मुलांची शाळा तीच. जे हलू शकतात ते आपल्यासारखे. आपण हललो म्हणून सगळ्यांना हलता येतं, हा आपल्या लोकांचा लाडका गैरसमज आहे, आणि तो मी सोडायचा प्रयत्न करते आहे.

आता आपलं मुंबईचं गिरणगाव. भोंगा ऐकत मोठी झालेली चारपाच माणसं तरी आज समोर बसली आहेत, त्यांच्यापुढे मी संपाविषयी काय बोलू? १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. संपाचे नेते दत्ता सामंत चुकले की मालक, की सरकार, यावर इथे पूर्वी खुर्च्या आदळल्या गेल्या आहेत, त्यात मी पडत नाही. कापड तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे निघालेलंच होतं. मला एवढंच विचारायचं आहे: साच्यावर तिसरी पाळी करून चाळीतल्या दहा बाय दहात दिवसा झोपायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाने काय आणि कधी शिकायचं होतं? आणि बदली कामगाराला तर आज काम मिळणार की नाही हेच गेटवर जाऊन कळायचं.

वेळ विकत घेता आला असता, कारण गिरण्यांची जमीन होती. सहाशे एकर. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली. संपाला तोवर तीस वर्षं झाली होती. सोडतीच्या रांगेत बऱ्याच ठिकाणी वारस उभे होते.

आपल्यातल्या काहींनी तिथल्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतले आहेत. घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण पस्तिसाव्या मजल्यावरून आपल्या गटावर फोटो पाठवताना 'मुंबई किती सुधारली' असं लिहिता ना, ते लिहिताना जरा थांबा. त्याच गटात गिरणी कामगाराचा मुलगा असतो आणि तो काहीच लिहीत नाही.

आणि हे सगळं दूरचं आहे असंही समजू नका. गेल्या दोन वर्षांत या मंडळातल्या किती घरांत नोकरी गेली? मला सहा माहीत आहेत, खरा आकडा जास्त असेल. त्यातली चार कुटुंबं मेळाव्याला यायची बंद झाली. आपण त्यांना फोन केला नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, अशी समजूत करून घेतली. आज जी कामं संगणक स्वतःच करू लागला आहे त्यांत माझं काम अगदी वरच्या क्रमांकावर आहे. उद्या कोणी माझ्याबद्दल म्हणेल, बारा वर्षं तेच तक्ते करत बसली, काहीतरी नवं शिकायला हवं होतं. तेव्हा मी काय सांगणार?

एक गोष्ट मुलाला मी त्यानंतर सांगितली. सप्टेंबर १९३१मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला गेले. विलायती कापडावरच्या बहिष्काराची झळ ज्यांना बसली होती त्या गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. तुमचं दुःख मला दिसतं, पण आमच्या खेड्यांतली गरिबी याहून मोठी आहे, असं त्यांना तोंडावर सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही. पण गेले, बसले, ऐकून घेतलं. कामगारांच्या घोळक्यातला त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, आजूबाजूच्या बायका चक्क हसताहेत.

मुलगा म्हणाला, "तू त्या गावात गेली आहेस?"

मी बारा वर्षं हे काम करते आहे. ज्या गावांचे रकाने मी भरले त्यांतल्या एकाही गावात मी गेलेली नाही.

मागच्या आठवड्यात वरिष्ठांकडे मी दोन गोष्टी मागितल्या. कारखाना बंद करायच्या आधी सहा आठवड्यांऐवजी एक वर्ष, त्यात आठवड्याचे दोन दिवस पगारी शिक्षणाचे. आणि त्या गावात जाऊन यायची परवानगी. दुसरी मिळाली आहे, गुरुवारी निघते आहे. पहिलीवर अजून उत्तर नाही, आणि नकार आला तर मी नोकरी सोडेन का, असं मुलाने काल विचारलं. आमच्या घराचं कर्ज आणखी अकरा वर्षांचं आहे. मी त्याला म्हटलं, आधी जाऊन येते. तो म्हणाला, "तिथे गेल्यावर त्यांना काय सांगणार?"