व्हॉल्व्ह बदलला की आवाज का बदलतो?

मंडळी, मघाशी एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर तुम्ही दोन व्हॉल्व्ह, म्हणजे आवाजाचा विद्युत संकेत वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, ऐकलेत. आधी १२एएक्स७, म्हणजेच युरोपातला ईसीसी८३, आणि मग १२एयू७. पहिला बहुतेकांना मोकळा वाटला, दुसरा दबलेला. पण पहिल्याचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (संकेत किती पट वाढवता येतो तो आकडा) १००, दुसऱ्याचा जेमतेम २०. व्हॉल्यूमचं बटण मी मुद्दाम हलवलं नव्हतं. पहिला नुसता मोठ्यानं वाजत होता, आणि थोडा मोठा आवाज कानाला हटकून चांगला वाटतो.

मग फरक नसतोच का? असतो, आणि तो आउटपुट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये, जास्त कळतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी घ्या. १९३८ सालचा ट्रायोड (आत तीन इलेक्ट्रोड असलेला व्हॉल्व्ह), सिनेमागृहांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वापरलेला. एकटा जोडला तर आठेक वॅट देतो, आणि जोरात वाजवला की सुरात भर घालतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येच्या सुराची. मध्य सा दिलात तर सोबत बारीकसा तार सा. म्हणून आवाज भरल्यासारखा वाटतो. दोन व्हॉल्व्ह पुश-पुल, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो असे, जोडले की सम हार्मोनिक्स एकमेकांना खोडतात आणि तिसरा पुढे येतो, म्हणजे तार सप्तकातला पंचम. तोही सुरेलच की! पाचवा म्हणजे त्याच्याही वरचा गंधार, तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो तोच. सातवा मात्र आपल्या कुठल्याच स्वरावर नीट बसत नाही.

अर्थात हा हिशेब एकट्या सुराचा. चार वाद्यं एकदम वाजली की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून कुणीच न वाजवलेले स्वर निघतात. एकटी सारंगी जिथे खुलते, तिथेच भरगच्च वाद्यवृंद गढूळ होतो तो यामुळे.

खर्जाची गोष्ट वेगळी. ३००बीचा आतला रोध सुमारे ७०० ओहम, तर ईएल३४ या पेंटोडचा (पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचा) १५,००० च्या आसपास. स्पीकरचा कोन एकदा हलला की त्याला आवरायला अ‍ॅम्प्लिफायरची पकड लागते. रोध जास्त असला की पकड ढिली. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटवून परत इनपुटला देणं) न देता ईएल३४ वापरा, डग्गा घुमतच राहील. फीडबॅक द्या, तोच व्हॉल्व्ह शिस्तीत येतो. मग श्रेय कुणाचं? माझं मत सर्किटच्या बाजूनं.

बाजारात ‘६एल६ काढा, ईएल३४ घाला’ असं सर्रास सांगतात. ६एल६ हाही आउटपुट व्हॉल्व्हच. ईएल३४ त्याच्या सॉकेटमध्ये बसतो हे खरं, पण त्याचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ०.९ ऐवजी १.५ अँपिअर ओढतो. ट्रान्सफॉर्मरला ते झेपेल का हे आधी बघा, आणि बायस (संकेत नसतानाही व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारा व्होल्टेज) नव्यानं लावल्याशिवाय ऐकायला बसू नका.

घरी तुलना करायची तर ४०० हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. दोन्ही वेळा व्होल्ट सारखे येतील असा व्हॉल्यूम जुळवा आणि कुठला व्हॉल्व्ह लावायचा ते तुम्हाला न सांगता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. ईसीसी८३ वर पेन्सिलीनं हलकी टिचकीही मारून बघा. स्पीकरमधून मोठ्यानं ‘टण्’ आलं तर तो पहिल्या टप्प्यात नको. झाकण मात्र उगाच उघडू नका, बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसलेले असतात.