डक्टमध्ये शिरणारी गाडी

(दृश्य: फॉल्स सीलिंग, ग्रिलभोवतीची काळी कड)

अशी कड दिसली की डक्ट, म्हणजे एसीची हवा वाहून नेणारा छतावरचा पत्र्याचा बोगदा, घाण झालाय, असं सगळे म्हणतात. बरेचदा ती खोलीतलीच धूळ असते, ग्रिलच्या झोतानं ओढून छताला चिकटवलेली. खरी भानगड आत असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गार पत्रा, दमट हवा आणि धूळ एकत्र आली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

म्हणून आत कॅमेरा आणि जंतू मारणारी नळी घेऊन शिरणारी ही गाडी, ४५० बाय ३०० मिलिमीटरच्या डक्टसाठी. सांगाडा २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा, उद्यमनगरात कापून-वाकवून घेतलेला. चाकं ६५ मिलिमीटरची. पहिली चूक मोटर घेताना होते. १०० आरपीएमची (मिनिटाला १०० फेरे) बसवली तर गाडी मिनिटाला २० मीटर पळते. १० आरपीएमची घ्या.

वायरलेसचा नाद नको. वायरबरोबर नायलॉनची दोरी बांधा. पत्र्यातून आत आलेल्या स्क्रूच्या टोकांत चाक अडकलं, तर तीच कामाला येते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या २० मीटर वायरीत २ अँपिअरला जवळपास ३ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून बाहेरून २४ व्होल्ट पाठवायचे आणि गाडीवर बक कन्व्हर्टरनं (व्होल्टेज कमी करणाऱ्या छोट्या सर्किटनं) १२ करायचे.

(दृश्य: कॅमेऱ्यातून डक्टचा तळ)

एलईडी कॅमेऱ्याशेजारी लावला तर नुसतं पत्र्यावरचं जस्त चमकतं. तो खाली, बाजूला हवा. तिरप्या उजेडात धुळीचा थर सावली टाकतो.

आता यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणारा अतिनील उजेड. ९ वॅटची नळी, २५४ नॅनोमीटर. १५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ मिलिवॉट मिळतात. चालत्या गाडीत एका जागेवर १० सेकंदही उजेड पडत नाही. म्हणून ३० सेंटिमीटर पुढे, दोन मिनिटं थांब. २० मीटरला जवळपास अडीच तास. एवढं करूनही कोपरा नळीपासून २७ सेंटिमीटरवर, तिथं उजेड तिसरा हिस्सा, आणि धूळ नेमकी तिथंच साचलेली. धुळीच्या थराखाली यूव्ही पोचतच नाही. बुरशीचे बीजाणू तर जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट. त्यामुळे आधी एएचयू (डक्टमध्ये हवा ढकलणारं यंत्र) बंद, पलीकडच्या तोंडाला हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, मग फिरता ब्रश. नळी सगळ्यात शेवटी, आणि तीही ग्रिल झाकल्यावरच. हा उजेड डोळे आणि कातडी भाजतो. गाडीवरच्या वायरींनाही ॲल्युमिनियम टेप गुंडाळा, नाहीतर प्लास्टिक तडकतं.

फायर डॅम्पर (आग लागली तर डक्ट बंद करणारी पाती) आला की गाडी थांबवायची. पाती रेटून पुढं जायचं नाही. डॅम्परच्या पलीकडच्या तपासणीच्या झाकणातून दुसऱ्यांदा आत सोडायची.