तिथी बघून मांडलेला डाव

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टीत मित्रमंडळी घेऊन कोकणात जाणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. एक संध्याकाळ पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या, कबड्डीसाठी राखून ठेवा. आणि खेळायचं ते चुरशीने, गुण लिहून.

आम्ही दहा-बारा जण दर डिसेंबरात गुहागरला जमतो. एका बाजूला घाटावरचे, दुसऱ्या बाजूला कोकणातले. हरणाऱ्यांनी रात्री सगळ्यांची ताटं घासायची, हा ठरलेला नियम. सुरूच्या वाळक्या फांदीने मैदान आखायचं, चार कोपऱ्यांवर चपला ठेवायच्या, की झालं.

पहिल्या वर्षी आम्ही चारला उतरलो. सामना रंगला होता. आमचा गडी चढाईला गेला, दोघांनी त्याची पकड केली, तो वाळूत पालथा पडून हात ताणत सरपटत निघाला. बोटं मध्यरेषेवर पोचणार, तेवढ्यात पाण्याचा पातळसा पदर आला आणि सरकन मागे गेला. रेषा गायब! बोटं टेकली होती की नव्हती? अर्धा तास भांडलो. तोवर मैदानच पाण्याखाली गेलं.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते काका ऐकून म्हणाले, "अरे, आज अष्टमी. सहाला भरती. तुम्हाला खेळायला पुळण उरणार कुठून?"

मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीची पाऊणपट सहा. पौर्णिमेचे किंवा अमावास्येचे पंधरा धरले, की येतात सव्वाअकरा. तिथून सहा तासांवर ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाणी खूप आत ओसरतं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाण्याची चढउतारच कमी, तेव्हा एवढा पट्टा मिळत नाही.

खेळायचं ते या ओल्या पट्ट्यावरच. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो. तिथे धावायला कठीण जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद खर्च होते, असं मोजून पाहिलेलं आहे. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण म्हणजे कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालतात, आणि घालतात ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. आपल्या उड्यांखाली एखादं घरटं यावं, हे कुणालाच आवडणार नाही.

पुळणीवर चार-चार गडी पुरतात. स्पर्धांतली बीच कबड्डीही चार-चारांचीच असते. २००८ साली बालीला पहिल्या आशियाई बीच स्पर्धा झाल्या, त्यात आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही या खेळात सुवर्णपदक मिळवलं. आपल्या मातीतला हा खेळ वाळूतही आपलाच आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. गुडघे फुटत नाहीत, त्यामुळे एरवी कचरणारेही सूर मारून घोटा धरतात. फक्त दम सांभाळायचा. समोरून खारा वारा तोंडात शिरत असतो आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता आवाज विरतो. म्हणून नाणेफेक जिंकलो, की आम्ही वाऱ्याकडे पाठ करून चढाई करता येईल अशी बाजू मागतो.

एक मात्र अगदी मनापासून सांगतो. सामना संपला की घामेजल्या अंगाने सरळ समुद्रात धावत जाऊ नका. पाय थकलेले असतात, आणि ओहोटीचं पाणी आत ओढतं. वाळू धुवायला विहिरीचं पाणी आहे.

आमच्या वहीत आजवर घाट सहा, कोकण सात असा हिशेब आहे. यंदा चतुर्दशी साधली आहे. भरती साडेदहाला, ओहोटी पावणेपाचला. चारला मैदान आखायला घेऊ.