कंदीलपुष्पांना नवी जागा शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय कंदीलपुष्पांबद्दल. गावाकडे कुणी खर्चुडी म्हणतं, कुणी खरपुडी, बॉटनीवाले सेरोपेजिया. यातल्या कितीतरी जाती जगात फक्त आपल्या सह्याद्रीतच आहेत, आणि घाटरस्ता रुंद झाला, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार खोदलं गेलं, कुणी कंद उकरून नेले की एखाद्या जातीचं अख्खं ठिकाण जातं. मग सगळे म्हणतात उचला आणि दुसरीकडे लावा. लावू की, पण कुठे?

मोकळं रान दिसलं म्हणून चालत नाही हो. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई डोंगरउतारावर गवतात ताठ उभी राहणारी, आणि कासची सेरोपेजिया जैनी बुटकी, जांभ्यावरच्या पातळ मातीत वाढणारी, या दोघींना एकाच प्लॉटमध्ये कोंबलं तर एकीचा बळी जाणारच. आणि जागा बघायला हिवाळ्यात नाही, भर पावसात जा, कारण कंद वर्षातले बरेच महिने जमिनीत झोपलेला असतो आणि तिथे पाणी साचलं तर तो कुजतो, हे कोरड्या दिवसात कळायचं कसं?

आता सगळ्यात महत्त्वाचं, माशी. हे फूल नीट बघा, खाली फुगीर, वर नळी, टोकाला बहुतेक वेळा पाकळ्या जुळून कंदिलासारखा पिंजरा. अगदी बारीक माशी वासाला भुलून आत घसरते, नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे तिला परत चढता येत नाही, मग केस सुकले की परागांचे पुंजके घेऊन सुटते आणि पुढच्या फुलात शिरते. नव्या जागेत ती माशीच नसेल तर फुलं येतील पण शेंगा धरणार नाहीत. म्हणून आसपास रानात दुसरी एखादी खर्चुडी शेंगा धरते का ते आधी बघावं, मात्र तिला खेटून लावू नये, संकराची भीती असते.

सडा ओसाड दिसतो पण ओसाड नसतो, तिथे सीतेची आसवं, गेंद अशी पावसाळी फुलझाडं असतात, एकाला वाचवताना त्यांच्यावर कुदळ चालवायची हे मला बिलकुल पटत नाही. शक्यतो रानातले कंद हलवूच नयेत, बियांपासून किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून, रोपं करावीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पांवर असं मोठं काम केलंय.

आणि गुरं. गुरं नकोतच असं लगेच ठरवू नका. कासला कुंपण घातलं, चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं दबली अशी तक्रार पुढे आली, शेवटी कुंपण काढावं लागलं. चराई किती आणि कधी हे तिथल्या गुराख्याला विचारा, साळिंदर कुठे उकरतं हेही त्यालाच माहीत असतं. पहिल्या वर्षी फुलं आली म्हणून पेपरात फोटो देऊ नका, ती कंदातल्या साठ्यावरही येतात. तिथल्याच बियांतून नवी रोपं उगवली, ती मोठी होऊन फुलली, तर जागा जमली म्हणायची, त्याला पाचसहा पावसाळे सहज जातात, तेव्हा जागा अशीच निवडा की जिथे गावातलं कुणीतरी इतकी वर्षं जाऊन बघणार आहे.