प्रेशर १८, तरीही काचबिंदू

श्रोतेहो, नमस्कार.

परवा ओपीडीत एक आजोबा समोर बसले आणि जरा चिडूनच म्हणाले, "डॉक्टर, दोन वर्षं काचबिंदूचे थेंब घालतोय. नजर कणभर सुधारली नाही. मग घालायचे कशाला?" त्यांचं चुकत नव्हतं. 'बिंदू' म्हटला की आपल्याला मोतीबिंदू आठवतो. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि त्या कालनिर्णयवरच्या तिथी वाचायला लागल्या! पण मोतीबिंदूत भिंग गढूळ झालेलं असतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि वाळलेला तंतू परत हिरवा होत नाही. आमचं सगळं औषध उरलेल्या तंतूंसाठी.

त्यातून हा आजार बाजूच्या नजरेपासून सुरू होतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. त्यामुळे माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो आणि जिना उतरताना पायरी चुकतो. घरचे म्हणतात, वय झालं.

आता प्रेशरबद्दल, म्हणजे नसेला इजा करू शकणाऱ्या डोळ्यातल्या दाबाबद्दल. लोक डोळ्याचं प्रेशर साखरेच्या आकड्यासारखं पाठ करतात. १० ते २१ नॉर्मल, बास. पण आपल्याकडे १८ प्रेशर असलेले आणि नस खराब झालेले पेशंट भरपूर दिसतात. उलट, कुणाचं २४ असतं आणि नस अगदी ठणठणीत. एक कारण असं, की डोळ्याची पुढची पारदर्शक काच साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. आम्ही प्रेशर मोजतो ते या काचेवर हलकं दाबून. काच जाड असली की आकडा फुगतो, पातळ असली की फसवा कमी येतो. शिवाय सकाळचं प्रेशर वेगळं, संध्याकाळचं वेगळं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली आला. प्रेशर जास्त पण नस चांगली, अशा लोकांपैकी उपचार न घेणाऱ्यांत पाच वर्षांत शंभरात साडेनऊ जणांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांत साडेचार जणांना. म्हणजे उपचाराने धोका निम्म्यावर आला हे खरं. पण नव्वद जणांना थेंबाशिवायही काही झालं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून नुसता आकडा बघून जन्मभराचं औषध लिहायला माझा हात धजत नाही.

मग बघायचं काय? आधी मोरी. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या कोनात असलेल्या जाळीतून ते बाहेर जातं. जाळीच तुंबली असेल तर एक प्रकार. डोळ्यातला रंगीत पडदा पुढे सरकून जाळीवर बसला असेल, मोरीवर प्लॅस्टिकची पिशवी बसावी तसा, तर दुसरा. या दोन्हींचे उपचार वेगळे. बधिर करणारा थेंब टाकून, आरशाची छोटी काच डोळ्यावर टेकवून हा कोन बघता येतो. दोन-चार मिनिटांचं काम. ओसीटीचा, म्हणजे नसेच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनचा, रंगीत कागद हातात पडतो आणि ही साधी तपासणी मात्र राहून जाते, याचं मला वाईट वाटतं. मोठा चष्म्याचा नंबर असलेल्यांच्या ओसीटीत आजार नसतानाही लाल रंग येऊ शकतो, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

कोन अचानक पूर्ण बंद झाला तर डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरात निदान ठरलेलं: पित्त! सुंठेचा लेप लागतो, रात्र जाते. अशा वेळी रात्रीच डोळ्याचा डॉक्टर गाठा.

फील्ड टेस्टची, म्हणजे बाजूची नजर तपासण्याची, गंमत सांगतो. डबीसारख्या मशीनमध्ये डोकं ठेवायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. एक बाई इतक्या जोरात आणि इतक्या वेळा बटण दाबत होत्या, की रिपोर्टवर विश्वासच ठेवता येईना. बाहेर येऊन विचारतात, "नापास झाले का हो?" पहिली टेस्ट बऱ्याच जणांची अशीच बिघडते. म्हणून ती पुन्हा करतो. आणि पुढच्या वर्षी परत, कारण नस वाळतेय का, हे एका फोटोत कळत नाही.

उपचारात थेंब आहेत, लेझर आहे, ऑपरेशन आहे. जाळी उघडी असलेल्यांना सुरुवातीलाच लेझर द्यावं का, यावर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. २०१९ साली छापून आला. लेझर घेतलेल्या दर चारांपैकी तिघांना तीन वर्षांनीही थेंब लागत नव्हते. थेंब लिहितानाही दमा आहे का, हे विचारावं लागतं, कारण टिमोलॉल हे काचबिंदूच्या थेंबांतलं एक औषध दमेकऱ्याला महागात पडतं. आणि मुलाचे डोळे खाजतात म्हणून मेडिकलवाल्याकडून महिनोन् महिने स्टिरॉइडचे थेंब आणणाऱ्या आईबापांना मी रागावतो. त्या थेंबांनी शाळकरी मुलांना काचबिंदू झालेला मी पाहिलाय.

तर आपले आजोबा. मी म्हटलं, माझ्यासमोर एक थेंब घालून दाखवा. त्यांनी मान वर केली, बाटली धरली, डोळे गच्च मिटले. थेंब गालावर. दुसरा पापणीवर. दोन वर्षं निम्मं औषध गालालाच चाललं होतं! मग खालची पापणी ओढून खिसा करायला शिकवलं. एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

त्यांचा मुलगा दाराशी मोबाइल बघत उभा होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. वडिलांना काचबिंदू म्हणजे मुलाला धोका कितीतरी पट. म्हटलं, या, बसा. "मला? मला काय झालंय?" आजोबा उठले, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हनुवटी इथे टेकव. आणि डोळे मिटू नकोस."