मेरी रोझवरील धनुष्ये

१९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ, सोलेंटच्या सामुद्रधुनीत, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढला गेला, तोवर पाणबुड्यांच्या हाती शंभराहून अधिक अखंड लाँगबो (लांब धनुष्ये) आणि हजारो बाण लागले होते. त्याच नौकेवर कांस्य तोफाही होत्या.

ही धनुष्ये यू वृक्षाच्या लाकडाची आहेत. या झाडाचे सालीजवळचे फिकट लाकूड ताण सोसते आणि गाभ्याचे तांबूस लाकूड दाब सोसते, त्यामुळे कोणतेही जोडकाम न करता एकाच दांड्यातून माणसाच्या उंचीहून मोठे धनुष्य घडवता येई. त्यांतील अनेक पूर्ण ओढण्यास ४५ किलोहून अधिक जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नौकेत सापडलेल्या काही मानवी सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचे हाड सांधलेलेच नाही; कोवळ्या वयापासून केलेल्या सरावाचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. ते हाड पाहताना त्या धनुर्धराचे सारे बालपण डोळ्यांपुढे उभे राहते.

धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ मध्ये राजा सहावा एडवर्ड याच्यासमोर केलेल्या प्रवचनात सांगितले की, वडिलांनी त्यांना वय आणि ताकद वाढेल तशी अधिकाधिक दमदार धनुष्ये घेऊन दिली आणि केवळ हाताने न ओढता सर्वांगाचा भार धनुष्यावर टाकायला शिकवले. हा सराव मागे पडत चालल्याची खंतही त्यांनी त्याच प्रवचनात व्यक्त केली.

मग धनुष्य मागे का पडले? बंदूक अधिक प्रभावी होती म्हणून धनुष्य हरले, हे उत्तर मला अपुरे वाटते. कसलेला धनुर्धर मिनिटाला दहाच्या आसपास बाण सोडू शके. तेवढ्या वेळात तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार पेटवणाऱ्या, बंदुकीचे एक-दोनच बार निघत, आणि पावसात तोडा विझे. मात्र बंदूक चालवणे थोड्या काळात शिकवता येई, तिची गोळी चिलखत भेदण्यात सरस होती, आणि उपासमारीने किंवा तापाने खंगलेल्या शिपायाच्या हातूनही ती तितक्याच जोराने सुटे. धनुर्धर आजारी पडला, की त्याचा बाणही दुबळा होई.

१५९० मध्ये सैनिक व लेखक सर जॉन स्मिथ यांनी धनुष्याची बाजू आवर्जून मांडली, परंतु तोवर सरावाची परंपरा विरत चालली होती. १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, प्रशिक्षित पलटणींतील धनुर्धरांच्या हाती बंदुका देण्याचा आदेश काढला.