गड्ड्यातली गर्दी आणि हॅरी सेल्डन

मंडळी, संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर गड्डा भरतो, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. तिथल्या पाळणेवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: संध्याकाळी सात वाजले की रांग लागणार. त्या रांगेत तुम्ही असाल की नाही, हे मात्र तो सांगू शकत नाही. आयझॅक असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकथांची मालिका एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे. असिमॉव्ह रसायनशास्त्राचा माणूस. वायूचा एक रेणू कुठे जाईल ते कळत नाही, पण डबाभर वायूचा दाब बरोबर सांगता येतो. मग आकाशगंगाभर पसरलेल्या माणसांचं का सांगता येऊ नये? मालिकेतला गणिती हॅरी सेल्डन हे गणित मांडतो आणि म्हणतो, साम्राज्य कोसळणारच. नंतरचा तीस हजार वर्षांचा अंधार मात्र हजारावर आणता येईल. अट एकच, लोकांना भाकीत कळता कामा नये. कळलं तर रांग सहालाच लागेल!

पहिली कथा १९४२ची. आदल्या वर्षी असिमॉव्ह भुयारी रेल्वेने संपादकाकडे निघाला होता आणि डोक्यात विषय नव्हता. हातातलं पुस्तक सहज उघडलं, तर चित्रात पऱ्यांची राणी एका शिपायाच्या पायाशी. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य. इतिहासकार गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास वाचलेला होताच.

मला आधी दुसरा भाग मिळाला, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर, पाच रुपयांना, मुखपृष्ठ नसलेला. त्यात ट्रँटर आहे. साम्राज्याची राजधानी, अख्खा ग्रह धातूने मढवलेला. पुढे तो लुटला जातो. उरलेले लोक काय करतात? धातू उखडून विकतात, बदल्यात बियाणं आणि गुरं घेतात, आणि खालची माती उघडी करून शेती करतात. असिमॉव्ह हे चार ओळींत उरकतो. मी मात्र तिथेच अडकलो, कारण त्याच वर्षी आमच्या वडिलांच्या गिरणीतले माग भंगाराच्या ट्रकमध्ये चढत होते, किलोच्या भावाने. वडील जॉबर होते, म्हणजे मागांवरचे मुकादम. फाटकापाशी उभं राहून त्यांनी मागावरचा एक धोटा मागितला. भंगारवाल्याने आधी तो काट्यावर टाकला, आकडा बघितला, आणि मग तसाच देऊन टाकला.

तेव्हापासून सेल्डनशी माझं भांडण आहे. हजार वर्षांच्या हिशेबात जॉबर धरतच नाहीत. पण गंमत अशी, की मालिकेतली सगळ्यात उत्तम गोष्ट त्या हिशेबाविरुद्धच लिहिली गेलीय. कॅम्पबेल नावाच्या संपादकाने हट्ट धरला, सेल्डनची योजना मोडून दाखव. असिमॉव्ह नाखूश होता. तरी १९४५मध्ये ‘म्यूल’ आला. लोकांच्या भावना हव्या तशा वळवणारा एकटा माणूस, आणि सगळं गणित कोलमडलं. त्याला अडवतं कोण? (शेवट फोडतोय, पण ऐंशी वर्षं झाली, आता चालेल.) बायटा नावाची एक बाई. विदूषकाच्या सोंगात फिरणाऱ्या त्या माणसाशी ती मायेने वागलेली असते. त्याने न वळवता तो कुणालातरी आवडला, ही त्याच्या आयुष्यातली नवलाई. म्हणून तिच्या मनाला तो हात लावत नाही, आणि तिथेच फसतो. म्हणजे एक रेणू डबा फोडतो आणि दुसरा रेणू गळती थांबवतो.

१९५०ला असिमॉव्ह थांबला तो थेट १९८२ला परतला. त्याआधी त्याने स्वतःचीच पुस्तकं पुन्हा वाचली आणि घाबरला, यात काही घडतच नाही, सगळे नुसते बोलतायत! खरंच आहे ते. पण मला तेच बोलणं आवडतं. नंतरच्या खंडांत त्याने आपल्या यंत्रमानवांच्या कथा याला जोडल्या आणि सगळ्यामागे एक छुपा हात निघाला. हे मला अजून पटलेलं नाही. गड्ड्यातला प्रत्येक माणूस कुणीतरी धाडलेला निघाला, तर गड्ड्यात जायचं कशाला?

तरी मी ते खंड वाचले, ते वडिलांमुळे. ट्रँटरच्या त्या चार ओळी मी त्यांना मराठीत सांगितल्या होत्या. धोटा पुसत ऐकत होते. म्हणाले, “लोखंड विकून गुरं घेतली, बरं केलं. पण पिढ्यान्‌पिढ्या माती न बघितलेल्या माणसाला नांगर धरायला शिकवलं कुणी?”

शेवटच्या खंडापर्यंत शोधलं. सापडलं नाही.